जास्वंदीचा कागद

आमच्या शाळेतला लिटमस कागद संपला तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि नव्याची वाट पाहत होतो तेव्हा मुंबई राज्यात. दिग्रस गाव जागचं हललं नव्हतं, शाळा हलली नव्हती, मीही त्याच तीनपायी खुर्चीवर डुगडुगत बसलो होतो. पण छप्पन्नच्या नोव्हेंबरात राज्यच बदललं आणि माझा अर्ज नेमका मधल्या वाटेवर सापडला. जुन्या कचेरीने कळवलं की तुमचा विषय आता आमचा नाही. नव्या कचेरीने कळवलं की तुमचा विषय अजून आमच्याकडे आलेला नाही. मग कोणा अव्वल कारकुनाने विचारणा केली की 'लिटमस कागद' ही वस्तू प्रयोगसाहित्य या सदरात धरायची की लेखनसामग्री या सदरात. मी खुलासा लिहिला, तीन प्रती काढल्या, हेडमास्तरांची सही घेतली. आठ महिन्यांनी पार्सल आलं. सगळ्या नववीच्या देखत मी ते मोठ्या थाटात फोडलं. आत दोन दस्ते टीपकागद होता. सोबत चिठ्ठी होती : 'लिटमस उपलब्ध नाही. तत्सम कागद पाठविला आहे. पोच द्यावी.'

मी पोच दिली. दुसरं काय करणार?

मी वासुदेव गुल्हाने, बी. एससी. हे बी. एससी. मी मुद्दाम सांगतो असं नाही, पण त्या काळी दिग्रसात आम्ही अशी दोनच माणसं होतो आणि त्यातल्या एकाचा शेवटचा पेपर राहिला होता. त्यामुळे विज्ञानाची अब्रू राखण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असं मला फार वाटायचं. ते वाटलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कॉलेजातल्या एका जुन्या पुस्तकात बारीक अक्षरात तळटीप होती की लाल जास्वंदीच्या रसात भिजवलेला कागद आम्लात गुलाबी आणि अल्कात हिरवा होतो. टीपकागद तर घरबसल्या आला होता. राहिली जास्वंद. ती आमच्या डाव्या हाताला राहणाऱ्या अब्दुल गनींच्या परसात, मोरीच्या पाण्यावर पुरुषभर उंच वाढली होती. गनीभाईंचं पुढच्या बाजूला सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. मी गेलो तेव्हा ते एका चाकात हवा भरत होते.

"दोन कायले, चार फांद्या घेऊन जा," ते म्हणाले. "पन मास्तर, तुम्ही तं देवपूजा बी करत नाही. फुलं कायले पाह्यजे?"

"कागद करायचाय."

गनीभाईंचा पंप थांबला. "फुलाचा कागद?" त्यांनी घरात हाक मारली, "सुनती हो? मास्तर फुलों का कागज बना रहे!"

जोहराबी आतून म्हणाल्या, "बनाने दो. मगर झाड को जड़ से मत उखाड़ना बोलो."

फांद्या घेऊन आलो तर उजव्या हाताचे शेजारी नागोराव आमच्या अंगणात हजरच होते. नागोराव कापसाच्या बाजारात कारकून होते आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांच्याजवळ सल्ला तयार असे. तो न मागता मिळे, हा त्यातला मुख्य गुण.

"दक्षिणेले नका लावू, मास्तर. घरचा कर्ता फिरस्ता होते."

"मग उत्तरेला लावतो."

"उत्तरेले लावली तं बायकोचं चालते."

"ते आधीपासूनच चालतं. पूर्वेला?"

"पूर्वेले तुमचा संडास हाये."

उरली पश्चिम. पश्चिमेला लावल्यावर काय होतं ते नागोरावांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

तीन फांद्या खोचल्या. पहिली गनीभाईंच्या बकरीने खाल्ली. दुसरी नागोरावांनी, मुळं धरली की नाही हे पाहण्यासाठी, दर आठवड्याला उपसून पाहिली. ती कंटाळून मेली. तिसरी कोणाच्या लक्षात न आल्यामुळे जगली. वर्षभरात ती कमरेएवढी झाली, आणि एका सकाळी पाहतो तो पहिलं फूल! लाल, तळहाताएवढं, मधोमध तुरा काढून उभं. मी 'कौसल्या, कौसल्या' करत बायकोला बोलवायला आत गेलो. तिला घेऊन बाहेर येईपर्यंत ते फूल नागोरावांच्या घरच्या गणपतीच्या डोक्यावर गेलं होतं.

यावरून आमच्यात बरेच दिवस वाद झाला. माझं म्हणणं, झाड शिक्षणासाठी लावलं आहे. त्यांचं म्हणणं, गणपती हीच विद्येची देवता, म्हणजे फूल योग्य खात्यातच जमा झालं. शेवटी दिवसाची पहिली पाच फुलं देवाची आणि उरलेली विज्ञानाची, असा तह झाला. झाडाला रोज पाचच फुलं यायची. देवाने झाडाला सात-आठ फुलांची बुद्धी देईपर्यंत विज्ञान तिष्ठत बसलं.

कागद करायचा दिवस उजाडला तेव्हा मी कौसल्येची धाकटी कढई मागितली.

"गनपतीचं फूल शिजवून ऱ्हायले," ती गनीभाईंच्या भिंतीवरून जोहराबींना म्हणाली. "साधं पिठलं नाई येत करता."

कढई कायमची जांभळी झाली. माझी बोटं आठ दिवस जांभळी राहिली. टीपकागदाच्या भिजवलेल्या पट्ट्या मी अंगणातल्या दोरीवर वाळत घातल्या, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने हात जोडून विचारलं की घरात कोणाला देवी आल्यात का. पण वर्गात त्या पट्ट्यांनी माझं नाव राखलं! लिंबात बुडवली की लालचुटूक गुलाबी, चुन्याच्या निवळीत बुडवली की हिरवीगार. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी स्वतः एक पट्टी ताकात बुडवून पाहिली आणि उरलेलं ताक पिऊन टाकलं.

इथे थांबलो असतो तर मी आज मान वर करून चाललो असतो. पण कौतुक वाईट. गावात बातमी पसरली की गुल्हाने मास्तरजवळ खरंखोटं सांगणारा कागद आहे. लोक तेल घेऊन आले, तूप घेऊन आले, एकजण विहिरीचं पाणी घेऊन आला, एका गृहस्थाने तर भावाचं पत्र आणलं. हा कागद फक्त आंबट की खारट एवढंच सांगतो, हे मी पहिल्या दोघातिघांना समजावलं. चौथ्यापासून समजावणं सोडून दिलं. बंडीच्या खिशात पट्ट्यांची घडी ठेवून फिरायला लागलो. बाजारातून जाताना कोणी दुकानदार 'या ना मास्तर, बसा' म्हणाला की मी खिशाला हात लावी.

एकोणसाठच्या एप्रिलात ऊन असं तापलं की सकाळचं दूध दुपारपर्यंत नासायचं. काहींचं मात्र नासत नव्हतं. नागोरावांना ते खटकलं.

"सोडा टाकून ऱ्हायले हे लोक," ते म्हणाले. "सोड्यानं दूध नासत नाई, मंग आपलं पोट नासते. मास्तर, तुमच्या खिशात कागद असून गावानं सोडा प्यावा का?"

असं कोणी विचारल्यावर बी. एससी. झालेल्या माणसाने काय म्हणावं? येत्या रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर गल्लीत रतीब घालणाऱ्या सगळ्यांच्या दुधाची परीक्षा घ्यायचं ठरलं. शाळेतून मी काचेचे चार प्याले आणले. नागोरावांनी सतरंजी अंथरली. वीसपंचवीस माणसं जमली. मी कोट घातला होता. एप्रिलात.

दूधवाले एकूण पाच. पहिल्या तिघांचं दूध निर्दोष निघालं. चौथी शकुबाई. तिच्या दुधात पाणी असतं हे गल्लीतली तान्ही मुलंसुद्धा जाणून होती, पण पाणी ओळखणारा कागद मी केला नव्हता. पट्टी जशीच्या तशी जांभळी राहिली. शकुबाईने पदर सावरून सगळ्यांकडे अशा नजरेने पाहिलं की दोनचार जणांनी माना खाली घातल्या.

पाचवी हंसाबाई. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरून दोन कोस चालत यायची, म्हणून नेहमी शेवटी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पितळी घागर, हातात पाव शेराचं माप, आणि चालताना हातातल्या बांगड्यांचा खुळखुळ आधी ऐकू यायचा. घरी एक म्हैस, गावात चौदा घरं, त्यातलं एक आमचं. तिच्या दुधावर साय अशी धरायची की कौसल्या ती चमच्याने नाही, सुरीने काढायची. तिच्याबद्दल कोणाला शंका नव्हती. परीक्षा फक्त पुरी करायची म्हणून घ्यायची होती.

माझे चारही प्याले भरलेले होते. मी घरात गेलो. कौसल्या सकाळपासून नागोरावांकडे पापड लाटायला गेली होती. चुलीशेजारच्या फळीवर एक वाटी होती, ती उचलली. आत तळाशी पांढरट झाक दिसली. नववीच्या पोरांना मी वर्षभर एकच वाक्य घोकायला लावलं होतं : प्रयोगापूर्वी पात्र स्वच्छ धुऊन घ्यावे. ते न धुतल्याबद्दल दोघांना अंगठे धरून उभंही केलं होतं. मी ती वाटी धोतराच्या सोग्याने पुसली आणि बाहेर आणली.

हंसाबाईने त्यात दूध ओतलं. मी पट्टी बुडवली.

पट्टी हिरवी झाली.

मग नागोराव ओरडले, "हिरवा! हिरवा झाला!" आणि सगळी गर्दी पुढे सरकली.

हंसाबाई एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. "हिरवा झाला तं काय झालं, भाऊ? माही म्हैस हिरवंच खाते."

लोक हसले. मी हसलो नाही. मी कोटाचं बटण लावलं आणि म्हणालो, ते शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात, "हंसाबाई, माणूस खोटं बोलतो. विज्ञान खोटं बोलत नाही. तुमच्या दुधात सोडा आहे."

तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही, कारण मी तेव्हा तिच्याकडे पाहत नव्हतो. लोक माझ्याकडे कसे पाहतात ते पाहत होतो. ती म्हणाली, "माह्या घरी सोडा नाई. माह्या लेकराइची आन." कोणी ऐकलं नाही. 'आमच्याकडे उद्यापासून नको' असं एकजण म्हणाला, मग दुसरा, मग तिसरा. हंसाबाईने घागर उचलली. "ज्या दुधाले बट्टा लागला ते मी घरी नाई नेत," ती म्हणाली, अंगणात गेली आणि सगळी घागर जास्वंदीच्या बुडाशी उपडी केली. दूध आळ्यात मावेना. ते अंगणभर पसरलं, ओट्यापर्यंत आलं, आणि लोक जोडे वाचवत मागे सरले.

ती गेल्यावर नागोरावांनी एक अर्ज पुढे केला. तो आधीच लिहून ठेवला होता, नाव घालायची जागा फक्त कोरी होती. गावच्या आरोग्यासाठी, भेसळीबद्दल तक्रार. मी सही केली. इंग्रजीत, खाली बी. एससी.

दुपारी कौसल्या हाताला पीठ लागलेलं तशीच घरी आली. "पापडखाराची वाटी कोनं नेली? सकाळी खार भिजवला अन् वाटी धुवाची म्हनून फळीवर ठेवलती."

"कुठली वाटी?" मी म्हणालो. वास्तविक कुठली ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

वाटी ओट्यावरच होती. शेजारी हिरवी पट्टी. पापड लाटताना बायकांकडून सगळी हकिकत तिच्या कानावर गेलीच होती. पापडखार म्हणजे अल्क, हे कळायला तिला बी. एससी. व्हायची गरज पडली नाही.

"यातच घेतलं होतं तिचं दूध?"

"प्रयोगात अनेक बाबींचा विचार करावा लागतो..."

"हो का नाई, तेवढं सांगा."

मी हो म्हणालो. मग तिच्या देखत त्या वाटीत साधं पाणी घालून पट्टी बुडवली. हिरवी.

"आता उठा अन् तांड्यावर जाऊन सांगून या," ती म्हणाली.

"उद्या जातो," मी म्हणालो.

त्या उद्याची मला इतकी लाज वाटते की तो कसा गेला हे सांगताना अजून जीभ अडखळते. उद्या झाला, परवा झाला. सोमवारी उन्हाचं कारण होतं. मंगळवारी शाळेत काम होतं. बुधवारी मी तांड्याच्या रस्त्याला निम्म्यावर गेलो, समोरून ओळखीचे एक पालक आले, 'काय मास्तर, इकडे?' म्हणाले, आणि मी 'सहज, पाय मोकळे करतोय' म्हणून त्यांच्याबरोबर बाजारात परत आलो. घरी सगळ्यांसारखं आम्हीही शकुबाईचं दूध घेत होतो. चहाचा रंग विटकरीच्या धुवणासारखा यायचा. जास्वंदीच्या आळ्यात दूध आंबून मुंग्यांची रांग लागली. ती रांग अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यात गेली. नागोरावांनी सल्ला दिला की मुंग्यांना हळद. कौसल्या म्हणाली, "येऊ द्या. बोलवणारानं बोलावल्या हायेत."

बुधवारी संध्याकाळी आरोग्य खात्याचे एक इन्स्पेक्टर अर्जाचा कागद घेऊन आले. मी हळूच विचारलं, तक्रार मागे घेता येईल का?

"येते ना. कारन लिहून द्या."

मी दौत-टाक घेतलं. 'कारण' लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली. 'सदर वाटी' एवढं लिहून थांबलो. इन्स्पेक्टर पानाला चुना लावत वाट पाहत होते. मी कागद फाडला आणि म्हणालो, "असू द्या. विचार करून कळवतो."

गुरुवारी दुपारी कौसल्या आत येऊन म्हणाली, "हंसाबाईचा मालक आला हाये. हिरासिंग."

मी मोरीत गेलो आणि दार लावून घेतलं. हिरासिंगला मी एकदा बाजारात पाहिलं होतं. सहा फूट उंच, हातात लोखंडी गुंडीची काठी. मोरीच्या दाराला कडी नव्हती, म्हणून मी आतून बादली लावली.

"बाहेर या," कौसल्या दाराशी म्हणाली. "तो काई मारत नाई. अन् मारलं तं मारलं."

बाहेर आलो. हिरासिंग ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला होता, काठी जमिनीवर आडवी ठेवून. मला पाहून उठला आणि हात जोडले. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मास्तर," तो म्हणाला, "म्हशीले काय झालं ते सांगा."

"म्हशीला?"

"सोडा तं आमच्या घरात नाई. बाई खोटं बोलत नाई, माहीत हाये मले. अन् तुमचा कागद बी खोटा नाई बोलत, तुम्हीच सांगतलं. मंग ते म्हशीच्या आंगातूनच येत असन ना?" तो अगदी शांतपणे, हिशेबाने बोलत होता. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा त्याचा तर्क सरळ होता. "चार रोज झाले, तांड्यात तिचं दूध कोनी पेत नाई. लेकराइले बी देत नाई. काढतो अन् फेकतो. कायचा रोग हाये, मास्तर? औषध हाये का?"

माझं तोंड उघडलं. आतून कौसल्या दाराला टेकून ऐकत उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्याचं मला ऐकू आलं. आत्ता, आत्ता बोलायचं, असं मी स्वतःला म्हणालो, आणि हिरासिंगला म्हणालो, "पाणी घेता का?"

त्याने पाणी घेतलं. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "उद्या बाजारात इकून टाकतो. पन लपवून नाई इकनार. घेनाराले सांगीन, दुधात दोष हाये, मास्तरनं कागदावर पाह्यलं." मग राम राम करून, काठी उचलून, तो उन्हात चालू लागला.

कौसल्या आत वळली. ताट वाढलं, समोर ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत गेली. मी जेवलो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी जेवा म्हणालं नाही.

शुक्रवारी सकाळी शाळेची घंटा झाली आणि मी वर्गात उभा राहिलो. फळ्यावर 'अल्क' हा शब्द लिहिला. मग खडू ठेवला, टोपी घातली आणि सरळ गनीभाईंच्या दुकानात गेलो.

"सायकल पाहिजे. आत्ताच्या आत्ता. गुरांच्या बाजारात जायचंय."

"ही हाये. पन ब्रेक नाई हाये तिले. थांबाचं असन तं पाय टेका." मग माझ्याकडे नीट पाहून ते म्हणाले, "काय झालं, मास्तर?"

मी त्यांना सांगितलं. वाटी, खार, सगळं. सांगितलं तो पहिला माणूस गनीभाई. त्यांनी ऐकून घेतलं, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "जल्दी जाव. और मुँह से बोलना, मास्तर. कागज मत दिखाना."

गुरांच्या बाजाराची वाट उताराची आहे. पाय टेकले, पण पाय टेकून सायकल थांबत नाही, फक्त जोडा निघून जातो. एक जोडा वाटेत गेला. बाजारात शिरलो तो थेट कडब्याच्या गंजीत घुसलो. टोपी एकीकडे, मी एकीकडे. लोक धावून आले. मला उठवलं, झटकलं. कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तं कागदवाले मास्तर!"

दहा पावलांवर ती म्हैस होती. काळीभोर, शिंगं मागे वळलेली, रवंथ करत उभी. एका बाजूला हिरासिंग, दुसऱ्या बाजूला एक गिऱ्हाईक, मधे दलाल, आणि रुमालाखाली हातांची बोटं चाललेली. हंसाबाई म्हशीच्या गळ्यावर हात ठेवून उभी होती. बोटं थांबली की सौदा झाला, एवढं मला ठाऊक होतं.

"थांबा!" मी ओरडलो. एक पाय अनवाणी, केसात कडबा. "म्हशीत दोष नाही! दुधात सोडा नव्हता! वाटीत होता!"

"कोन्त्या वाटीत?" दलाल म्हणाला.

"माझ्या. माझ्या घरच्या. पापडखाराची वाटी होती. मी धुतली नव्हती. धोतराने पुसली होती." एवढं बोलून झाल्यावर सगळं कळायला पुरेसं होतं, पण मला थांबताच येईना. "रविवारी दुपारीच मला कळलं होतं. पाच दिवस मी बोललो नाही. काल हिरासिंग घरी आले होते, तेव्हाही बोललो नाही. मोरीत लपलो होतो."

मग कुठूनतरी एक हसणं आलं आणि त्याच्यामागून सगळा बाजार हसला. गुराखी हसले, दलाल हसला, रुमालाखालचा हात काढून गिऱ्हाईक हसलं. "पापड मास्तर!" कोणीतरी ओरडलं. तेच नाव पुढे मी निवृत्त होईपर्यंत माझ्या मागे होतं. शाळेच्या संडासात ते कोळशाने लिहिलेलं असे. त्याचं मला काही वाटत नाही. ते मी कमावलं होतं.

हिरासिंग हसला नाही. त्याने दावं गिऱ्हाइकाच्या हातून काढून घेतलं, म्हशीकडे पाहिलं, आणि डोळे पुसण्यासाठी तोंड फिरवलं. पाच दिवस त्या माणसाने आपलं चांगलं जनावर रोगी समजून काढलं होतं.

मी हंसाबाईसमोर गेलो. "चूक झाली, बाई. मला माफ करा."

"मले कायले सांगता?" ती म्हणाली. "माह्या दुधात सोडा नव्हता हे मले माहीतच होतं. ज्याइले तुम्ही सांगतलं, त्याइले सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन आली आणि आमच्या कोपऱ्यावर उभी राहिली. आमचं सोडून तेरा घरं. ती पुढे, मी मागे. ती दारात उभी राहायची आणि काही बोलायची नाही, बोलायचं मी. पहिल्या घरी मी 'प्रयोगपात्राच्या अशुद्धतेमुळे' अशी सुरुवात केली. हंसाबाई वळून पाहायला लागली. दुसऱ्या घरापासून मी 'माझी वाटी घाण होती' असं म्हणायला शिकलो. एका घरी म्हाताऱ्या सासूबाईंना ऐकू येत नव्हतं, तिथे ते तीनदा आणि मोठ्याने सांगावं लागलं; रस्त्यावरची माणसं थांबून ऐकू लागली. एका घरी माझ्याच वर्गातला मुलगा दारात आला. त्याला मी पात्र न धुतल्याबद्दल अंगठे धरायला लावलं होतं. तो एकदा माझ्याकडे पाहून आत वळला आणि म्हणाला, "आई, हंसाबाईचं दूध घे."

नागोरावांनी थोडी कटकट केली. "कागद हिरवा झाला हे तं खरं ना? मंग?" पण सहा दिवस शकुबाईचा चहा प्यायलेला माणूस तत्त्वाला फार वेळ धरून राहू शकत नाही. त्यांनी पातेलं पुढे केलं. त्यांच्याच ओट्यावर बसून मी तक्रार मागे घेण्याचा कागद लिहिला. 'कारण : अर्जदाराचा मूर्खपणा.' त्याखाली सही, इंग्रजीत नाही, मराठीत, आणि मागेपुढे काही नाही. इन्स्पेक्टरांनी तो फायलीला लावला आणि असं स्पष्ट कारण आजवर कोणी दिलं नव्हतं, असं म्हणाले.

झाड तोडून टाकायला मी कुऱ्हाड मागितली तेव्हा गनीभाईंनी दिली नाही. "झाडाचा क्या कसूर?" एवढंच म्हणाले. जास्वंद आहे तशी राहिली. पहिली पाच फुलं देवाची, उरलेली शाळेची, आणि पट्ट्या पुढेही वर्गात लिंबात गुलाबी होत राहिल्या. प्याले मी स्वतः धुवायचो. पोरं मोजायची किती वेळा ते.

तेरापैकी अकरा घरी त्याच सकाळी रतीब सुरू झाला, उरलेल्या दोन घरी पुढच्या महिन्यात. आमच्या घरी नाही.

मला वाटलं, एकदोन दिवस राग असेल. आठवडा गेला. बांगड्यांचा खुळखुळ नागोरावांच्या दारापर्यंत यायचा, थांबायचा, मग आमच्या दारावरून न थांबता गनीभाईंकडे जायचा. महिनाभर कौसल्या रोज सकाळी चिंचेने घासलेलं पितळेचं भांडं घेऊन दारात उभी राहायची. हंसाबाई तिला राम राम करायची, घरचं विचारायची आणि पुढे जायची. शेवटी एके दिवशी कौसल्या पायरी उतरून रस्त्यात गेली.

"हंसाबाई, माह्यावर राग हाये का?"

हंसाबाईने घागर खाली ठेवली आणि कौसल्येचा दंड धरला. "नाई वो बाई. तुमच्यावर नाई. मास्तरवर बी नाई, ते तेरा घरं फिरले. पन तुमच्या घरच्या भांड्यात दूध टाकाले माहा हात होत नाई. काय करू?"

मग तिने घागर डोक्यावर घेतली आणि जोहराबींच्या दारात जाऊन हाक दिली.

मी खिडकीशी वह्या तपासत बसलो होतो. कौसल्या रिकामं भांडं घेऊन माझ्यासमोरून आत गेली. ते लखलखीत होतं. तरी मोरीवर बसून तिने ते पुन्हा एकदा घासायला घेतलं, आणि ते घासण्याचा आवाज थांबेपर्यंत मी वहीतून डोकं वर काढलं नाही.